ओयूनची एनेरेल

लुवसानने तपकिरीची कुपी उजव्या तळहातावर ठेवून दाग्वापुढे धरली. दाग्वाने ती हुंगून परत दिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, मेंढ्या धष्टपुष्ट आहेत ना?

लुवसानचा सगळा कळप एका हिवाळ्यात बर्फाने नेला होता. आता तो उलानबातरच्या टेकडीवर तंबूत राहून एका शाळेची भट्टी सांभाळत होता. पण पहिल्याच विचारपुशीला वाईट सांगायचं नसतं. मेंढ्या छान आहेत, तो म्हणाला. बायको? छान. मुलगी? तीही छान, कामाला लागली.

जीभ चावेपर्यंत शब्द निसटून गेले होते.

"बरं झालं," दाग्वा मोकळेपणाने हसला. "पलटणीतल्या मित्रांपैकी पोराच्या नोकरीसाठी न आलेला तू पहिलाच."

झालं! आता कुठल्या तोंडाने मागणार? ज्या कामासाठी ठेवणीतला झगा घालून तो दाग्वाच्या या पिठाच्या गोदामात आला होता, ते चहाबरोबर घशाखाली गेलं.

त्याची मुलगी एनेरेल दाराबाहेर बोळात उभी होती. दार पातळ, तिने सगळं ऐकलं. बारावी होऊन तिला दोन वर्षं झाली होती. दुकानवाले अनुभव विचारत, कचेरीवाले ओळख विचारत, आणि साध्या कामालाही पदवीवाले आधी उभे असत. ओळखीचं हे एकच दार होतं.

दोघं मित्र बाहेर आले. बापाने तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली.

"साहेब, काम हवंय."

"कोणाची गं तू?"

तिकडे लेकरू बापाच्या नावाने ओळखलं जातं. ते नाव समोरच उभं होतं.

"ओयूनची एनेरेल."

तिने आईचं नाव लावलेलं ऐकून लुवसान स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"अनुभव?"

"अजून कुणी काम दिलं नाही. तुम्ही दिलंत तर येईल."

"ओळख?"

"कुणाचीच नाही."

धन्य ती पोर! बापाचा शब्द राखण्यासाठी तिने बापालाच परकं केलं, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

दाग्वा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग लुवसानच्या.

"उद्यापासून ये," तो तिला म्हणाला. "महिनाभर बघू."

मान लववून ती बापाकडे न बघता निघून गेली. लुवसानही निघाला, तसा दाग्वाने त्याचा दंड धरला.

"गोदामात फार गारठा असतो," तो हळूच म्हणाला. "पोरीला तुझा कातडी कोट दे."