क्लिफर्डच्या इंजिनाचा आवाज

क्लिफर्डचा आणि माझा तीस वर्षं एकाच गोष्टीवरून वाद. रेडिओवर उडणाऱ्या कसरतीच्या छोट्या विमानांत आमच्या साऱ्या क्लबाने ग्लो प्लगची, कर्कश आवाजाची इंजिनं बसवली, आणि हा बाबा डिझेल इंजिनाला चिकटून. त्याच्या इंधनासाठी रॉकेल, एरंडेल आणि ईथर घरीच मिसळायचा. जवळ उभं राहिलं की डोकं उठायचं.

"तुझ्या विमानाआधी त्याचा वास येतो," मी म्हणायचो.

"आणि तुझ्याआधी किंचाळी, डेझमंड. कान गेले माझे!"

खरं सांगायचं तर त्याचंच बरं होतं. इंजिन त्याने स्वतः लेथवर घडवलेलं, मोठा पंखा संथ फिरवणारं. सरळ वर चढतानाही त्याच्या विमानाला कधी धाप लागली नाही. हे मी त्याला कधीच बोललो नाही. एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत तो गेला.

मे महिन्यात त्याची बायको म्युरिएल विमान घेऊन मैदानावर आली. मॅकल्सफील्डचं घर विकलं होतं, दोन आठवड्यांनी ती मुलीकडे कॅनडाला जायची होती.

"उडवलं नाहीस तरी चालेल," ती म्हणाली. "एकदा सुरू कर फक्त. फोटो ढीगभर आहेत रे. पण शेडमधून हे इंजिन वाजलं की मला कळायचं, आहे हा इथेच. तेवढं एकदा ऐकू दे."

वारा बोचरा होता. ती गुडघ्यांवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसली. मी बोटाने पंखा फिरवला, काही नाही. इंधनाचे थेंब सोडले, पुन्हा फिरवला. आणखी थेंब.

"काय रे डेझमंड, चहा ओततोयस होय त्यात?" क्लबचा सेक्रेटरी रॉय मागून म्हणाला.

मग पंखा अडलाच. सिलिंडरमध्ये इंधन तुंबलं होतं; आता जोर लावला तर आतलं काहीतरी मोडणार. अशा वेळी इंजिनाच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू मागे घ्यायचा आणि पंखा हळूहळू फिरवून तुंबलेलं बाहेर काढायचं. दहा मिनिटांचं काम. क्लिफर्डने मला शंभरदा सांगितलं असेल, आणि वर बजावलंही असेल, "तुझा तो स्टार्टर माझ्या इंजिनाजवळ आणलास तर याद राख."

मी स्टार्टर आणला. बोट ठणकत होतं, रॉय हसत होता आणि मला तिच्यासमोर हार मानायची नव्हती. बॅटरीवरचा तो स्टार्टर पंख्याच्या नाकावर टेकवला आणि बटण दाबलं. कट् असा आवाज झाला.

"सुरू झालं का?" म्युरिएलने विचारलं.

"इंधन जुनं झालंय," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी नक्की."

घरी येऊन उघडलं तर आतला दांडा मोडलेला, पिस्टन चिरलेला. तो पिस्टन क्लिफर्डने घासून घासून सिलिंडरला जुळवलेला. तसा दुसरा आठवड्यात कोण करून देणार? मी तसा भित्राच माणूस. स्टॉकपोर्टच्या एकाकडून त्याच मापाचं जुनं डिझेल इंजिन आणलं आणि विमानात बसवलं. वरून झाकण लावल्यावर फरक दिसत नव्हता.

रविवारी ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी मोठे लूप घेतले, संथ गिरकी घेतली, विमान उलटं करून मैदानावरून नेलं. इतकं चांगलं मी जन्मात उडवलं नसेन. रॉयनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. म्युरिएल सुरुवातीला डोळे मिटून बसली होती. मग तिने डोळे उघडले आणि मी विमान उतरवेपर्यंत ती गवताकडे बघत राहिली.

"छान उडवलंस," ती म्हणाली. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. आत बसल्यावर तिने काच खाली केली.

"त्याचं कुठे आहे, डेझमंड?"

आणखी एक थाप जिभेवर आली होती. "मोडलं," मी म्हणालो. "माझ्या हातून. मागच्याच रविवारी."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"तेव्हाच सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "आठवडाभर वाट बघत होते मी."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने काच वर केली आणि गाडी सुरू केली.