भुसावळच्या केळीच्या बागा

हिंजवडीत नोकरी करणारी आम्रपाली आणि नागपूरचे तिचे बाबा महिनाभर फोनवर हट्टाला पेटले होते. पुण्याला यायला बाबांना दिवसाची रेल्वे हवी होती, तीही स्लीपरची, खिडकीजवळची. "स्वस्त पडते, अन् भुसावळच्या केळीच्या बागा दिसतात."

"अख्खा दिवस कशाला घालवता? विमानानं दीड तासात याल."

"अन् वरून काय पाहू? ढगं?"

वैतागून तिनं कसलंच तिकीट काढलं नाही.

आज सकाळी भावाचा फोन आला. बाबा गेले होते. मिळालं ते विमान तिनं तिप्पट पैसे देऊन पकडलं. जागा नेमकी खिडकीची मिळाली. रडू येत नव्हतं, म्हणून ती बाहेर बघत राहिली. ढगच होते. विमान दहा मिनिटं लवकरच पोचलं.