मण्यावरचे दोन दात

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. रेघा मारायची नव्हे हं! माझ्या अंगात एक लांब खाच आहे आणि तिच्यात पक्का बसवलेला लाल मणी वरखाली सरकतो. खाली शून्य, वर शंभर. सुतार मला घासताना म्हणाला होता, "टोचेल असं काही ठेवायचं नाही. आजारी माणसांची बोटं लागायची आहेत हिला."

आमच्या दवाखान्यात एचआयव्हीसह जगणारी माणसं येतात. रक्तात विषाणू किती, ते यंत्र मोजतं. पण झोप लागते का, कामात मन रमतं का, घरात कुणी धड बोलतं का, असं सगळं मिळून जगणं कसं चाललंय, ते माणसं माझ्या मण्यानं दाखवतात. देवानं हे काम मला दिलं, याचा मला फार अभिमान आहे.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी दर खेपेला मणी थेट शंभरावर न्यायच्या. डॉक्टर खूश, मीही फुगून जायची. पण मावशींचा उतरलेला चेहरा सिस्टरांना दिसत होता. एकदा त्या म्हणाल्या, "मावशी, मी खिडकीकडे तोंड करते. मला बरं वाटावं म्हणून नको, तुम्हाला वाटतं तिथं ठेवा."

बराच वेळ काही हललं नाही. मग मणी घसरत घसरत पार तिसाखाली आला.

"अगंबाई! मावशी, रक्ताचा अहवाल तर इतका छान आलाय. विषाणू शोधून सापडत नाही."

"अहवालाला नात नाही ना, सिस्टर. मला आहे. झबली मी शिवते, पण सून बाळाला हातही लावू देत नाही. तुम्ही सगळे एवढं करता, तुमच्यापुढे रडगाणं काय गायचं? आता तर गोळ्यासुद्धा घ्याव्याशा वाटत नाहीत."

मावशींना विचारूनच सिस्टरांनी सुनेला बोलावलं. उराशी धरल्यानं, पापा घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. "मला हे कुणी सांगितलंच नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली.

पुढच्या खेपेला नात मावशींच्या मांडीवर होती. मावशींनी मण्याला बोट लावलं, तोच पोरीनं मला ओढलं आणि मणी करकचून चावला. माझा जीव खालीवर! आता सून किंचाळणार.

किंचाळल्या त्या सिस्टर. "अगं, किती जणांचे हात लागलेत त्याला!"

सून हसत सुटली. तिनं सासूबाईंच्याच हातातला रुमाल घेतला आणि लेकीची लाळ पुसली.

त्या दिवशी मणी ऐंशीवर थांबला.

"शंभर का नाही हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघे दुखतात ना!" मावशी म्हणाल्या.

आता दवाखान्यात बोटानं चालणारा चकचकीत पडदा आलाय आणि मी खणात असते. तरी सिस्टर मला रोज न चुकता पुसतात. मण्यावर दोन इवल्या दातांचा ठसा आहे. तो माझा दागिना.

मित्रांनो, कुणाला "कसं वाटतंय?" असं विचाराल, तेव्हा उत्तर येईपर्यंत थांबा. आणि जमलं तर, थोडा वेळ खिडकीकडे पाहा.