सात टक्के जास्त

सावळीराम वाघचौरे हा दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. नाशिकच्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात तो फिजिसिस्ट होता. कुणाला किरणांचा किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवायचे. मशीन तेवढाच देतं की नाही, हे बघणं सावळीरामाचं काम. शेतकऱ्याचा पोरगा मुंबईला शिकून आलेला, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊकही होतं. घोडं पेंड खातं ते इथेच.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात कोबाल्ट मशीनमध्ये किरणं सोडणारा नवा सोर्स बसवला. किरणांचा जोर मोजायचा म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक हवेची पोकळी मशीनखाली ठेवायची. हवा विरळ असली की आकडा कमी दिसतो, म्हणून त्या दिवशीचा हवेचा दाब हिशेबात धरावा लागतो. हॉस्पिटलातलं दाब मोजायचं यंत्र नेमकं त्याच महिन्यात फुटलं आणि नव्याचा अर्ज कमिटीत अडकला. सावळीरामाने सरळ हवामानवाल्यांना फोन लावला, त्यांनी आकडा सांगितला, त्याने उतरवून घेतला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नकाशासाठी ते दाब समुद्रसपाटीचा करून सांगतात, आणि नाशिक तर समुद्रापासून दोन हजार फूट वर; इथली हवा विरळ. हे सावळीरामाला शाळेपासून माहीत होतं. फक्त त्या दिवशी विचारायचं सुचलं नाही, आणि पुढे दर महिन्याला तोच फोन, तीच चूक; विरळ हवेची भरपाई न झाल्याने जोर खऱ्यापेक्षा कमी भरायचा.

सोर्सबरोबरच्या सर्टिफिकेटात जोर त्याच्या मोजणीपेक्षा सात टक्के जास्त लिहिला होता. टेक्निशियन योगेशने तसं दाखवलंसुद्धा. सावळीराम म्हणाला, कागदापेक्षा हाताने मोजलेलं खरं. मग जोर कमी आहे असं धरून त्याने प्रत्येक रोग्याची मशीनखालची वेळ वाढवली. म्हणजे सगळ्यांना सात टक्के जास्त डोस जाऊ लागला.

मुंबईहून तपासणीसाठी टपालाने एक पाकीट यायचं. त्यात पावडर भरलेल्या बारीक कॅप्सूल असत. त्या मशीनखाली ठेवून परत पाठवल्या की नेमका किती डोस बसला, ते तिकडून कळायचं. ते पाकीट चार महिने सावळीरामाच्या खणात पडून राहिलं. आपलं चुकायचंच नाही, तर घाई कसली? शेवटी ते एकदाचं पाठवलं आणि अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात उत्तर आलं, सात टक्के जास्त. मुंबईवाल्यांचंच चुकलं असेल, असं तो दोन दिवस म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी एका कॉलेजातून दाबाचं यंत्र मागून आणलं, त्यावरचा आकडा पाहिला आणि चूक कुठे झाली ते त्याला कळलं. तेरा महिन्यांत दोनशेच्या वर माणसं त्या मशीनखालून गेली होती.

डॉक्टरांना त्याने त्याच दिवशी सांगितलं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. हिशेब लगेच सुधारला. रोग्यांना काय सांगायचं, यावर डॉक्टर आणि ट्रस्टी म्हणाले, काहीच नाही. योग्य डोसनेही काहींना त्रास होतोच. कुणाला कशामुळे झाला हे छातीठोकपणे कोण सांगणार? लोकांना उगाच घाबरवायचं कशाला? यात खोटं काही नव्हतं. सावळीरामाला ते पटलं, कारण पटणं सोयीचं होतं.

मखमलाबादची नवसाबाई त्या दोनशेतली एक. नवरा गोटीराम आणि ती झेंडू-शेवंती पिकवून बाजारात विकायचे. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्या मशीनखाली किरणांचे शेक घेतले आणि रोग बरा झाला. पण दोन वर्षांनी आतड्यातून रक्त जायला लागलं, ऑपरेशन झालं आणि पोटाला शौचाची पिशवी लागली, ती कायमची. दोन हजार तीनमध्ये तपासणीला आली तेव्हा मशीनचं बघणारा साहेब म्हणून ती सावळीरामाच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, हे माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली.

शेकाच्या जागेवर जांभळ्या शाईच्या रेघा काढतात आणि त्या पुसायच्या नाहीत अशी ताकीद देतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिने तेल-उटणं लावलं आणि एक रेघ गेली. सगळे ओरडतील म्हणून तिने पोराच्या पेनाने ती पुन्हा काढली. बोटभर सरकली असणार, शेक भलतीकडे गेला असणार, असं तिचं म्हणणं. पिशवी लागल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितलं, आणि तेव्हापासून गोटीराम तिला उठता-बसता तेच ऐकवत होता.

सावळीराम म्हणाला, तसं काही नसतं. तुम्ही मनानं चांगले म्हणून तसं म्हणता, असं बोलून ती गेली. तिला हाक मारायला हवी होती. त्याने मारली नाही. पुढचे तीन आठवडे त्याला स्वतःच्या तोंडाकडे बघवेना, आणि मग एका रविवारी त्याने स्कूटर काढून मखमलाबाद गाठलं.

नवसाबाईने चहा ठेवला. त्याने सगळं सांगितलं, तो फोन, खणातलं पाकीट, सात टक्के. हे त्यामुळेच झालं असं खात्रीने म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. "पण तुमच्या रेघेमुळे नक्की नाही. ती योगेशने दुसऱ्याच दिवशी नीट करून घेतली होती, तशी नोंद आहे."

तिने चहा गाळून त्याच्यापुढे ठेवला. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"अठ्ठ्याण्णवला."

"म्हंजे पिशवीच्या आधी."

"हो."

ती रडली नाही की तिने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने वावरातून गोटीरामाला हाक मारून बोलावलं आणि सावळीरामाला म्हणाली, "आता ह्यांना सांगा. पयल्यापासनं."

सावळीरामाने पुन्हा सांगितलं. गोटीराम मातीच्या हातांनी उभ्याउभ्या ऐकत होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चार वर्सं झाली, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही एक शब्द बोलले असते तर मी हिला येवढं बोललो नसतो."

 सावळीराम माफी मागायला तोंड उघडणार, तोच नवसाबाईने हात वर केला.

"तुम्ही आता जा, साहेब," ती म्हणाली. "आम्हाला दोघांना बोलायचं हाय."