शिवडीच्या हाडवैद्याशी तह

परळच्या धर्मादाय इस्पितळातल्या डॉक्टर हेरंबांना बहुतेक माणसं मूर्ख वाटत. त्यातही शिवडीचा हाडवैद्य हरेश्वर कोळी सगळ्यांत जास्त. गिरणीत कुणाचा हात मोडो की गोदीत कुणाचा पाय, लोक आधी त्याच्याकडे धावत. तो बांबूच्या कामट्या करकचून बांधी, रक्त अडे, पाय काळा पडे, आणि मग तो कापून घ्यायला माणूस इस्पितळात येई. लोक म्हणत, इस्पितळात गेलं की पाय जातो.

एकदा हेरंब भर बाजारात हरेश्वराला म्हणाले, "तुझ्यापेक्षा कसाई बरा!" त्यानंतर शिवडीहून हाड मोडलेलं माणूस येईनासंच झालं. "कटकट गेली," इस्पितळाचे मोठे डॉक्टर खुशीत म्हणाले. जखमी पाय दिसला की करवत मागवणारा हा गृहस्थ हेरंबांच्या मनातून आणखीच उतरला.

मग कोळीवाड्यातला उत्तम आला, सडलेला पाय घेऊन. कापावाच लागला. हेरंब त्याच्या बायकोवर, तुळसावर खेकसले, "वेळेवर आणायला काय झालं होतं?"

"तुमी आमच्या माणसाला कसाई बोललात," ती म्हणाली. "कोण येल तुमच्याकडं?"

रविवारी नाक मुरडत, सुक्या मासळीच्या वासातून वाट काढत हेरंब हरेश्वराच्या ओट्यावर जाऊन बसले.

"तू अडाणी आहेस," ते म्हणाले, "पण लोक तुझं ऐकतात. सैल बांधत जा. हाड बाहेर आलेलं दिसलं तर आत ढकलू नकोस, तसंच माझ्याकडे पाठव."

"आन् तू मस्तवाल हायस," हरेश्वर म्हणाला. "पाठवीन. पन पाय कापाचा झाला तर पयला मना बोलव. माझ्या मानसाला मी सांगेन."

हेरंबांनी ती अट कशीबशी गिळली.

हरेश्वराने पाठवलेला पहिला आला शिवा. नडगीचं हाड कातडी फाडून वर आलेलं, पण कामट्या सैल. मोठे डॉक्टर करवतीची वाट बघत उभे राहिले. हेरंबांनी जखम जंतुनाशक कार्बोलिकने धुतली, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. पुढे शिवा लंगडत का होईना, दोन्ही पायांवर घरी गेला. नारळ आणि पापलेटं मात्र त्याने हरेश्वराला नेऊन दिली. हेरंब धुमसत राहिले.

पण माणसं वेळेवर येऊ लागली. भरलेल्या खाटा पाहून मोठे डॉक्टर हसले, "तुमच्या त्या अडाणी कोळ्याची कृपा!"

"अडाणी तो आहेच," हेरंब म्हणाले. "पण त्याने आपली रीत बदलली. तुम्ही अजून करवतच मागवता."

मोठे डॉक्टर पुढच्या खाटेवरच्या जखमी पायाशी गेले, हलक्या आवाजात त्यांनी कार्बोलिक मागवलं आणि हात धुतले. हेरंबांनी तोंड फिरवलं. त्या माणसाचे धुतलेले हातही त्यांना बघवेनात.