पडणं हेच माझं काम

मी ईएलसीबी बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. तुमच्या मीटरजवळच्या बोर्डात मी असेन, कदाचित नसेनही. पांढरी डबी, तिला एक काळी दांडी आणि दांडीशेजारी एक चिमुकलं बटण. 'महिन्यातून एकदा दाबून पाहा' असं बटणाजवळ छापलेलं आहे. ते वाचण्याचे कष्ट आजवर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

माझं काम सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. जितका करंट एका तारेने जातो, तितकाच दुसरीने परत यायला हवा. मी दारात बसून दोन्ही तपासतो. परत येताना थोडा जरी कमी भरला, तर तो वाट सोडून जमिनीत चाललेला असतो, आणि ती वाट एखाद्या माणसाच्या अंगातूनही जात असेल. मग मी कुणाची परवानगी मागत नाही. खाड्कन पडतो आणि वीज तोडतो. याच कामाची मला शिक्षा झाली.

दिग्रसला बबनरावांच्या घरी मी आलो तो हौदाबरोबर. बबनरावांची कापसाची जिनिंग मिल. माणूस तोंडाने फटकळ, पण बायकोवर भारी जीव. लीलाबाईंचे गुडघे धरले, डॉक्टर म्हणाले पाण्यात चाला, तर या गृहस्थाने अंगणातच पोहण्याचा तलाव बांधून टाकला. गावाने त्याचं नाव ठेवलं 'शेटचा हौद'. लीलाबाई रोज संध्याकाळी कठड्याला धरून त्यात चालायच्या, आणि बाहेर आल्या की जिना चढून दाखवायच्या.

हौदाचा कंत्राटदार नागपूरचा होता, कडक. "पाण्यातल्या माणसाचा हात जिथवर पुरतो, तिथवर प्लग नको. पाण्यातला दिवा बारा व्होल्टचाच. शिडी, कठडा, पंप, जेवढं लोखंड आहे तेवढं सगळं एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं पाहिजे. आणि इथली सगळी लाइन याच्यातूनच जाईल," असं म्हणून त्याने माझ्या दांडीवर टिचकी मारली. आयुष्यात माझा झालेला तेवढाच सन्मान.

मग कूलर आला.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बाजारात गाड्या तुरळक, भाव बसलेला, मिल होळीच्या आधीच थंडावली. मिलच्या ऑफिसातला पत्र्याचा कूलर घरी आला आणि हौदाच्या काठाला उभा राहिला. त्याच्यासाठी जवळच्या खांबावर नवा प्लग पॉइंट निघाला, अगदी पाण्यातून हात पुरेल असा. कूलरच्या वायरची तिसरी, अर्थिंगची पिन कुणीतरी केव्हाच मोडून टाकली होती. बसत नव्हती म्हणे!

लीलाबाई पाण्यात चालायच्या, बबनराव कूलरसमोर खुर्ची टाकून पेपर वाचायचे. पाणी उसळून फरशी ओली झाली, की कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट त्याच्या लोखंडी पायांतून जमिनीत पळायचा. मी पडायचो. बबनराव उठून दांडी वर करायचे. मी पुन्हा पडायचो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं.

शेवटी जमीरला बोलावणं गेलं. जमीर मिलचा वायरमन. मिल बंद, त्यामुळे तोही घरीच बसलेला.

"हा डबा काहून पडून राह्यला रे सारखा?"

"मालक, डब्याचा दोष नाही. कूलरच्या बॉडीत करंट उतरून राह्यला. कूलर दुरुस्त करू, नाहीतर तिकडे भिंतीजवळ सरकवू."

"मंग हवा कोण खाईन, भिंत?" बबनराव भडकले. "अन् कूलरले करंट येतेच ना बावा! आपल्या इकडे असा कोणता कूलर हाय ज्याले करंट नाही? चप्पल घालाची, उलट्या हातानं पाहाचं. लहानपणापासून हेच करून राह्यलो."

हे मात्र खरं. या मुलखात उन्हाळ्यात कूलरला हात लावण्याआधी माणूस आधी पायांकडे बघतो. झटका बसला की हात झटकून हसतात. कूलर बिघडला आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

"मालक, इथं पाणी हाय म्हणून सांगून राह्यलो."

"तू डायरेक्ट करून दे. मिल सुरू झाली का पहिला तुलेच बोलावतो."

जमीरने माझ्या पोटातल्या तारा काढल्या, मला टाळून थेट एकमेकींना जोडल्या आणि टेप गुंडाळली. झाकण लावताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला त्याची दया आली, पण संताप जास्त आला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता मी बोर्डात नुसता शोभेला. दांडी वर, आत काही नाही.

त्या संध्याकाळी लीलाबाई लगबगीने चालत होत्या. दिवेलागणीच्या आधी लोडशेडिंगने वीज जायची, त्याआधी त्यांना चालणं उरकायचं असे. कूलरची हवा थेट डोळ्यांत येत होती. पाण्यात उभं राहूनच त्यांनी तो वळवायला हात लांबवला, आणि हात तिथेच चिकटला. तोंड उघडं, आवाज नाही. बबनराव पाठमोरे, पेपरात. मी सगळं पाहत होतो. जन्मभर ज्या क्षणासाठी बसलो होतो तो समोर होता, आणि माझ्यातून एक थेंबभर करंट जात नव्हता. मी कसा पडू?

तेवढ्यात वीज गेली.

हात सुटला. लीलाबाई पाण्यात कोसळल्या, बबनरावांनी कपड्यांसकट उडी मारली. "लीले, बोल ना वो माह्याशी!" असं म्हणत ते लहान मुलासारखे रडले. त्या बोलल्या. तळहात भाजला होता, बाकी वाचल्या. गाव जमलं, म्हणालं, देव तारी त्याला कोण मारी.

जमीर धावत आला. "मालक, आता तरी तो डबा जोडू द्या."

दुसऱ्या दिवशी वीज असताना बबनरावांनी झाकण उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं बटण दाबलं. दांडी हलली नाही.

"पाह्य, याचं तर बटनही मेलं हाय! हा कायले वाचवणार होता?"

"मालक, त्याच्यात करंटच सोडला नाही तर बटन कसं चालन? जोडून दाबा, मंग पाहा."

"राहू दे." झाकण बंद झालं. जमीर खाली मान घालून गेला.

अहो, कुणीतरी ऐका. मला जोडा, मग दाबा, आणि मी पडलो तर शिव्या देऊ नका. तो प्लग तिथून काढा. निदान त्या कूलरला अर्थिंग द्या. पण बबनरावांनी त्यांच्या परीने उपाय केला आहे. बाजारातून लीलाबाईंसाठी जाड रबरी चप्पल आणली, स्वतः वाकून त्यांच्या पायांत घातली आणि म्हणाले, "हौदाजवळ गेली का हेच घालत जाय."

लीलाबाई रोज घालतात. आत्ताही आल्या आहेत. वीज आहे, कूलर चालू आहे. पाण्यात उतरायचं म्हणून त्यांनी चप्पल काढून काठावर ठेवली आहे.