मलमल कापणारा चाकू

म्हैस परवापासून दाव्यासकट बेपत्ता होती आणि टेलरमास्तर लोहाराच्या भट्टीपुढे उकिडवे बसून चाकू पसंत करत होते. काल सगळी शेतं पालथी घालून झाली होती, आता राहिलं होतं ते रानच. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. घरात तिच्याइतका मान कुणालाच नव्हता. मास्तरांना तर नव्हताच.

लोहारानं पुढे टाकलेला चाकू वीतभर लांब, काळपट, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेला होता.

"हा न्या. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे. फांदी तोडा, जमीन उकरा, वरून दगड हाणा, मोडायचा नाही."

"दिसायला फार बेढब आहे हो."

"रानात त्याला बघायला कोण येतंय?"

मास्तरांनी खिशातून मलमलीची चिंधी काढली. उभा जन्म त्यांनी कात्री अशीच पारखली होती. काळ्या चाकूनं चिंधीचे धागे ओढले. मग त्यांनी हौशी गिऱ्हाइकांसाठी टांगलेला घडीचा चाकू उघडला. चकचकीत, पोटात करवत, शिवाय बाटली उघडायची सोय. चिंधी अशी कापली गेली, की मास्तरांचे डोळे पाणावले.

"ही खरी धार!"

"मास्तर, म्हैस शोधायला चाललाय की तिला झबलं शिवायला?"

"धारेतलं मला शिकवू नका," मास्तर म्हणाले. हे आपण एका लोहाराला सुनावलं, या आठवणीनं पुढे कितीतरी दिवस त्यांचे कान गरम होत.

बाहेर बायको शिदोरी घेऊन ताटकळत होती. "झाली का खरेदी? की अजून रंग जुळवायचाय?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघं रानात बरीच आत होती. झऱ्याकाठच्या घळीतून घरघर ऐकू आली आणि बायको धावतच सुटली. म्हैस तिथं गुडघ्यांवर बसली होती. दावं काटेरी झुडपात शिरून मुळाला गुंडाळलं होतं आणि दर हिसड्याला गळ्याभोवती आवळत होतं. जीभ बाहेर आली होती.

"अहो, बघत काय बसलाय? वाट करा!"

वाटेत मनगटाएवढी फांदी आडवी आलेली. मास्तरांनी ऐटीत चाकू उघडला, पातं फांदीवर टेकवलं आणि वरून दगड हाणला. 'टण्' असा आवाज झाला. पातं बिजागरीतून सुटून झऱ्यात गेलं, मूठ हातात राहिली.

"करवत आहे ना त्यात?" बायको म्हणाली.

करवत तिसऱ्या ओढीला वाकली.

"मग आता काय, बाटली उघडताय?"

मास्तरांना हसू आलं नाही, रडू आलं. रानात काही मलमल कापायची नव्हती, हे एवढं साधं आपल्याला कळू नये? शहाणपणाचा सदरा शिवायचा म्हटलं, तर त्यांच्या वाट्याला एका बाहीपुरतंही कापड आलं नसतं. पण म्हैस पुन्हा घरघरली, तसे ते पोटावर पडले आणि फांदीखालून काट्यांत शिरले. सदरा टरटर फाटला, पाठ सोलवटली. हात दाव्यापर्यंत पोचला. गाठ दगडासारखी घट्ट.

"तिचं डोकं माझ्याकडे रेट! सैल राहू दे!" ते आतून ओरडले आणि त्यांनी दावं तोंडात धरलं.

जुनं सुती दावं, तीन पदरी. एकेक धागा दाताखाली घेऊन ते कुरतडू लागले. बायको म्हशीच्या मानेला बिलगून बोलत होती, "थांब गं माझी बाई, थांब. आलेत ते." दोन पदर तुटले. तिसऱ्यावर मास्तरांनी डोळे मिटून हिसडा दिला; दावं तुटलं आणि त्याच्याबरोबर पुढचा दातही गेला.

म्हैस उठली, मास्तरांच्या पायावर खूर ठेवून बाहेर आली आणि बायकोचा हात चाटू लागली. बायकोनं तिच्या पोटाला तळवा लावला, बराच वेळ तसाच ठेवला. "हलतंय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

उन्हं कलताना तिघं गावात शिरली. शेजारीण दारातून धावत आली. "सापडली का गं! दावं कशानं तोडलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. आता आपली शोभा होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"कशानं म्हणजे?" बायको म्हणाली. "आमचे हे होते ना बरोबर."

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. मास्तरांची छाती फुगली, ओठांवर हसू आलं. पण तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून ते ओठ घट्ट मिटून, म्हशीच्या मागे, लंगडत घरात गेले.